डिपॉझिट कापायचे तर पहिल्या दिवसाचा पंचनामा हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आरएमसी (तयार काँक्रीटचा) प्लांट, ट्रक पार्किंग, विटा-वाळूचा डेपो यासाठी भाड्याने दिलेल्या मोकळ्या जागेचा करार संपला की डिपॉझिटवरून वाद ठरलेलाच. मालकाकडे जागा परत घेतानाचे ढीगभर फोटो असतात. देतानाचा एकही नसतो. बाजू तिथेच लंगडी पडते.

करारात वेगळे लिहिलेले नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०८ प्रमाणे भाडेकरूने जागा जशी मिळाली तशी परत करायची असते. वाजवी वापराने झालेली झीज त्यातून वगळलेली आहे. पण जागा मुळात कशी होती, हे मालकाने दाखवायचे असते.

त्यासाठी ताबा देताना दोघांच्या सह्यांचा पंचनामा करावा. सोबत मोजणीची 'क' प्रत (सरकारी मोजणीचा हद्द दाखवणारा नकाशा), हद्दीच्या दगडांची नोंद, वीजमीटरचे रीडिंग, झाडांची संख्या आणि कुंपणाचे वय लिहावे. वय यासाठी, की दहा वर्षांच्या गंजक्या तारेबद्दल नव्या तारेची किंमत मागता येत नाही.

सगळ्यात जास्त भांडण जागेतून खोदून नेलेल्या मुरमावरून होते. विहिरीचा कठडा किंवा रस्त्याची मोरी असा न हलणारा बिंदू धरून ऑटो लेव्हलने (उंची मोजायच्या दुर्बिणीच्या यंत्राने) दर १० मीटरवर जमिनीची उंची घ्यावी आणि परत घेताना त्याच बिंदूवरून पुन्हा मोजावे. १० गुंठ्यांवरचा फूटभर थर म्हणजे १०,८९० घनफूट, सुमारे १०९ ब्रास. हा आकडा नुसत्या फोटोवरून कोणी मान्य करणार नाही. खोदलेला मुरूम सैल होऊन फुगतो, त्यामुळे डंपरच्या फेऱ्यांचा हिशेब लेव्हलच्या हिशेबाशी जुळत नाही. कोणती पद्धत धरायची, ते करारातच लिहा.

मिक्सर धुतल्याने सिमेंटचे पाणी मुरून मातीचा सामू (पीएच) वाढतो. हे दाखवायचे तर आधीचा नमुना लागतो. पाच-सहा ठिकाणची १५-२० सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती एकत्र करून अर्धा किलो सीलबंद करावी, पिशवीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि प्रयोगशाळेचा अहवाल जपून ठेवावा.

फोटो मूळ मोबाइलमध्येच राहू द्यावेत. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या प्रतीत तारीख-स्थळाची मूळ नोंद उरत नाही. शिवाय प्रकरण न्यायालयात गेले तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते.

करारात 'डिपॉझिट जप्त होईल' असे लिहिले म्हणून सगळी रक्कम खिशात घालता येत नाही. करार कायद्याच्या कलम ७४ खाली वाजवी भरपाईच मिळते आणि नुकसान मोजता येण्यासारखे असेल तर ते सिद्ध करावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाश नाथ असोसिएट्स खटल्यात स्पष्ट केले आहे. म्हणून नुसते कोटेशन पुरत नाही. काँक्रीट फोडण्याचे, राडारोडा उचलण्याचे, भराव टाकून रोलर फिरवण्याचे पावतीसह बिल ठेवावे. ट्रक उभे करायलाच दिलेल्या जागेत चाकोऱ्या पडल्या तर ती झीज आहे. मागे सोडलेला काँक्रीटचा चौथरा ही झीज नव्हे.

एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत नसेल, तर त्यातल्या अटी पुराव्यात वाचल्या जात नाहीत. नोंदणीचा खर्च वाचवणारे मालक पुढे इथेच अडकतात.

जागा परत घेण्याआधी पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने संयुक्त पाहणीची तारीख कळवावी. भाडेकरू आला नाही तर शेजारच्या दोन खातेदारांसमोर पंचनामा करावा. वजावटीची यादी बिलांसह लेखी द्यावी आणि ज्या रकमेबद्दल वाद नाही ती लगेच परत करावी.

आपला,
एक वाचक, चाकण (जि. पुणे)