बंद इन्क्लाइनच्या तोंडाशी

चंद्रपूर

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

आपली खाण बंद झाल्यावर तिथे आता काय उरले आहे, असे तू विचारले होतेस. उत्तराला उशीर झाला, कारण स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय लिहू नये असे वाटले, आणि गेलो तो चार संध्याकाळी तिथेच बसून राहिलो.

हजेरीघराचे पत्रे गेले आहेत, दिवाघरात शेळ्या बसतात, कोळशाचे डबे ओढणारा हॉलेजचा दोर गंजून रुळांवर पडला आहे. एवढे तू ताडले असशीलच. पंप थांबल्यापासून खालच्या गॅलऱ्या, म्हणजे कोळशातले बोगदे, पाण्याखाली गेल्या असणार, पण वरची इन्क्लाइन, म्हणजे खाणीत उतरणारा तिरका बोगदा, कोरडी आहे आणि तिथे वटवाघळांनी बिऱ्हाड केले आहे. दिवस मावळून वीसेक मिनिटे झाली की आतून आधी उग्र वासाची झुळूक येते, एक-दोन वटवाघळे बाहेर डोकावून पुन्हा आत वळतात, आणि मग अशी रीघ लागते की मी चारशेपर्यंत मोजून नाद सोडला. शिफ्ट सुटल्यावर आपणही याच तोंडातून असेच लोंढ्याने बाहेर पडत होतो.

आता हे तोंड बुजवायचे आहे. कोळसा मंत्रालयाच्या 2009 पासूनच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खाण बंद करण्याचा आराखडा करावा लागतो आणि त्यासाठी एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात, पैसे ठेवावे लागतात. 2009 च्या दराने खुल्या खाणीला हेक्टरी 6 लाख रुपये आणि भूमिगत खाणीला 1 लाख. भूमिगत खाणीत वरची जमीन कमी उकरली जाते हे खरे, पण छताला आधार म्हणून सोडलेले कोळशाचे पिलर काढून घेतलेल्या पट्ट्यावरची जमीन कधी खाली बसेल याचा भरवसा नसतो. ऑगस्ट 2022 मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात, जुन्या भूमिगत खाणीच्या परिसरात, एक अख्खे घर जमिनीत गडप झाले, हे तू वाचले असशील. त्यामुळे वस्तीजवळची भगदाडे वाळू-मातीने पक्की भरलीच पाहिजेत, आणि भेगाही चिकणमातीने लिंपल्या पाहिजेत, कारण भेगेतून हवा गेली की गोफात, म्हणजे कोळसा काढून झालेल्या पोकळीत, राहिलेला कोळसा आपोआप तापतो आणि पेट घेतो.

याच कारणासाठी तोंडावर सलग भिंत घालावी, असे खाण बंद करण्याच्या बैठकीत सर्वांचे मत होते. मलाही नुसती जाळी लावून हवा मोकळी सोडणे पटत नाही. तू आणि मी आगीचा धूर कोंडलेली गॅलरी पाहिली आहे. पण आपली इन्क्लाइन सुरुवातीला कामठी वालुकाश्मातून उतरते, कोळसा बराच खाली लागतो. कोळशाच्या अलीकडे, दगडातच, जाड हवाबंद भिंत घातली आणि बाहेरच्या तोंडाला आडव्या गजांचे दार लावले, दोन गजांत सुमारे 15 सेंटीमीटर फट ठेवून, तर माणूस आत जाणार नाही, हवा कोळशापर्यंत पोहोचणार नाही आणि वटवाघळांचे घर राहील. भिंतीमुळे आतले वारे बदलेल आणि काही वटवाघळे निघूनही जातील, ते मला नाकारता येत नाही. मात्र पिल्ले अंगाला बिलगलेली असतात त्या दिवसांत काम काढू नये. बहुतेक जातींची मादी वर्षाला एकच पिल्लू देते, त्यामुळे एका हंगामात बुडालेली वसाहत सावरायला वर्षे लागतात.

नाल्याकडचा खचलेला पट्टा आता बशीसारखा खोलगट तलाव झाला आहे. त्यात अडई बदके उतरतात, काठच्या चिखलात चितळांचे आणि रानडुकरांचे खूर उमटलेले असतात. आराखड्यात तो सपाट करून त्यावर ओळीने निलगिरी लावायची आहे, म्हणजे फोटो चांगला येतो! खाली किती पिलर शिल्लक आहेत ते तपासून, कुंपणाचे अंतर ठरवून तो तसाच ठेवावा, काठाला आधी मारवेल आणि कुसळी गवत धरू द्यावे, नंतर पळस, मोह, ऐन, धावडा लावावा, असे मी लिहून दिले आहे.

खाणीभोवती वाढलेल्या वेड्या बाभळीबद्दल मात्र माझे मन अजून दोन्हीकडे ओढते. ती परकी, काटेरी. पण तिच्याच आडोशाने ताडोब्याकडून आलेली जनावरे शहराच्या कडेला दिवस काढतात. फेब्रुवारी 2022 मध्ये इथल्या वीज केंद्राच्या आवारात वाघाने कामगार मारला आणि लगेचच शेजारच्या दुर्गापुरात बिबट्याने एक मुलगा नेला. ज्या घरातला माणूस गेला, त्यांना आडोशाचे महत्त्व कोणत्या तोंडाने सांगायचे? कॉलनीच्या भिंतीपासून रुंद पट्टा दरवर्षी साफ ठेवावा आणि नाल्याकडची झाडी एकदम न तोडता, देशी झाडे वाढतील तशी टप्प्याटप्प्याने काढावी, एवढेच मला सुचले.

आता तुझ्याकडे एक काम. दगड संपून कोळसा नेमका किती मीटरवर लागतो, हे सांगणाऱ्या नकाशाचा तो कोपरा ओलीने कुजला आहे. आपण दोघांनी साखळी ओढत तो उतार मोजला, ते आकडे तुझ्या निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत आहेत. माळ्यावरची ट्रंक उघड आणि त्या पानाचा फोटो पाठव. पुढची बैठक सोमवारी आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
जुना सर्व्हेअर