ॲपसोबत त्याची ‘लॉक फाइल’ही मागून घ्या

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्यातल्या पतसंस्था, सहकारी बँका, शाळा, दूध संघ आणि नगरपरिषदा आता स्वतःची मोबाइल ॲप करून घेऊ लागल्या आहेत. ही ॲप बहुतेक वेळा पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा शहरांतल्या लहान कंपन्या किंवा एकेकटे काम करणारे विकसक बांधून देतात. ॲप सुरू होते, सभासद ते वापरू लागतात, आणि वर्ष-दीड वर्षाने एखाद्या पानावरचा व्याजदर बदलण्याइतकी लहान सुधारणा करायची वेळ येते, तेव्हा लक्षात येते की हे ॲप आता पुन्हा बांधताच येत नाही. मधल्या काळात कोडचे एक अक्षरही कोणी बदललेले नसते. असे अडलेले प्रकल्प दुरुस्त करणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे, आणि त्यांतल्या बहुसंख्य प्रकल्पांत दोष संस्थेच्या स्वतःच्या कोडमध्ये नसून ते कोड ज्या इतरांच्या लायब्ररींवर, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडवर, उभे असते, त्यांच्या व्यवस्थापनात सापडतो. विषय तांत्रिक असला तरी त्याचा भुर्दंड शेवटी सभासदांवर आणि करदात्यांवर पडतो, म्हणून आपल्या पत्राच्या माध्यमातून तो मांडते आहे.

आजचे कोणतेही ॲप शून्यापासून लिहिले जात नाही. नकाशा, सूचना, पैसे भरण्याची सोय, छायाचित्र काढणे या प्रत्येक गोष्टीसाठी तयार लायब्ररी घेतल्या जातात, त्या लायब्ररी आणखी दुसऱ्या लायब्ररींवर अवलंबून असतात, आणि हे सगळे जाळे उतरवून जुळवून देणाऱ्या साधनाला डिपेंडन्सी मॅनेजर म्हणतात. आयफोनसाठी कोकोपॉड्स किंवा स्विफ्ट पॅकेज मॅनेजर, अँड्रॉइडसाठी ग्रेडल, आणि एकाच कोडमधून दोन्ही प्रकारच्या फोनची ॲप बांधणाऱ्या फ्लटरसाठी पब व रिॲक्ट नेटिव्हसाठी एनपीएम किंवा यार्न ही त्यांतली नेहमीची नावे. फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्हमध्ये तर यांतली दोन-तीन साधने एकाच प्रकल्पात एकावर एक काम करत असतात, त्यामुळे बिघाड एका थरात आणि त्याची तक्रार दुसऱ्याच थरात, असे वारंवार घडते.

यातील बहुतेक साधने दोन प्रकारच्या फायली ठेवतात. पहिलीत विकसकाने काय मागितले ते असते, दुसरीत प्रत्यक्षात कोणती आवृत्ती मिळाली ते असते. वाण्याला दिलेली यादी आणि वाण्याने दिलेली पावती यांत जो फरक, तोच इथे आहे: यादीत नुसते ‘तांदूळ’ असते, पावतीत कोणता, किती आणि काय भावाने हे सगळे असते. कोकोपॉड्समध्ये पॉडफाइल ही यादी आणि पॉडफाइल डॉट लॉक ही पावती. पबमध्ये पबस्पेक डॉट वायएएमएल ही यादी आणि पबस्पेक डॉट लॉक ही पावती. ही पावती म्हणजेच लॉक फाइल. ती कोडच्या भांडारात जपून ठेवली असेल, तर दोन वर्षांनीही नेमक्या त्याच आवृत्त्या मागवता येतात. ती हरवली, किंवा गिटइग्नोरमध्ये, म्हणजे भांडारात न साठवायच्या फायलींच्या यादीत, घालून कधी साठवलीच नाही, तर प्रत्येक नव्या संगणकावर त्या दिवशी उपलब्ध असलेल्या आवृत्त्यांचे एक वेगळेच मिश्रण तयार होते.

आवृत्ती मोकळी सोडल्याने काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण ४ नोव्हेंबर २०२२ रोजी जगभरच्या रिॲक्ट नेटिव्ह विकसकांनी अनुभवले. त्या दिवशी असंख्य प्रकल्पांचे अँड्रॉइड बिल्ड (कोडपासून ॲप बांधण्याची प्रक्रिया) अचानक अयशस्वी होऊ लागले. कारण असे होते: रिॲक्ट नेटिव्हच्या तयार साच्यातच मूळ लायब्ररीच्या आवृत्तीच्या जागी अधिकचे चिन्ह लिहिलेले होते, आणि ग्रेडलच्या भाषेत त्याचा अर्थ ‘मिळेल ती सर्वांत नवी आवृत्ती घे’ असा होतो. तोवर ही लायब्ररी प्रकल्पाच्या नोड मॉड्यूल्समधूनच, म्हणजे एनपीएमने उतरवलेल्या लायब्ररींच्या फोल्डरमधूनच, मिळत असे आणि मेव्हन सेंट्रल या सार्वजनिक कोठारात तिच्या फक्त फार जुन्या आवृत्त्या होत्या, म्हणून वर्षानुवर्षे कोणालाच त्रास झाला नाही. त्या दिवशी ०.७१ ची चाचणी आवृत्ती मेव्हन सेंट्रलवर प्रसिद्ध झाली आणि ग्रेडलने आज्ञाधारकपणे तीच उचलली. ॲप ०.६८ वर लिहिलेले आणि अँड्रॉइडचा भाग मात्र ०.७१ चा, अशी गाठ पडली.

या घटनेतला एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. अशा मोकळ्या आवृत्तीचा निर्णय ग्रेडल सामान्यतः चोवीस तास लक्षात ठेवतो. म्हणजे ज्याच्या संगणकावर आदल्या दिवसाचा निर्णय साठवलेला होता त्याचे बिल्ड व्यवस्थित चालणे आणि शेजारी बसलेल्या सहकाऱ्याचे त्याच क्षणी, त्याच कोडवर अडणे सहज शक्य होते. अशा वेळी ‘माझ्याकडे तर चालते’ असे म्हणणारा खोटे बोलत नसतो, आणि कॅशे, म्हणजे संगणकावर साठवून ठेवलेली अशी माहिती, पुसून पाहणारा आपले उरलेसुरले चालणारे बिल्डही घालवून बसतो. खरी दुरुस्ती एकच होती, ती म्हणजे आवृत्ती ठरवून देणे. रिॲक्ट नेटिव्हच्या चमूने त्याप्रमाणे तात्पुरता उपाय सांगितला आणि ०.६३ पर्यंतच्या जुन्या मालिकांसाठीही दुरुस्तीच्या आवृत्त्या काढल्या. त्यांनी हे काम अतिशय तत्परतेने केले, हेही नमूद केले पाहिजे.

आपल्याकडे नव्या विकसकांना शिकवला जाणारा पहिला उपाय मात्र ‘सगळे पुसा आणि पुन्हा टाका’ हाच आहे. नोड मॉड्यूल्स काढा, पॉड्स (कोकोपॉड्सने उतरवलेल्या लायब्ररी) काढा, डिराइव्ह्ड डेटा (ॲपलच्या एक्सकोड या साधनाने साठवलेल्या मधल्या फायली) काढा, आणि ओघात लॉक फाइलही काढा. यातले पहिले तीन उपाय कधीकधी लागू पडतात, कारण अर्धवट उतरलेली किंवा बिघडलेली कॅशे हेही एक खरे कारण असते, आणि लॉक फाइल जागेवर असेल तर ते सगळे जसेच्या तसे परत मिळते. लॉक फाइल काढणे ही मात्र वेगळ्याच जातीची कृती आहे. एक लायब्ररी जुळत नाही म्हणून ती फाइल काढली, की बाकीच्या सगळ्या लायब्ररीही आपापल्या परीने पुढे सरकतात, मूळ अडचण इतर दहा अडचणींत बुडून जाते, आणि आधी काय चालत होते याचा पुरावाही नष्ट होतो.

त्याऐवजी बिल्ड अडताना पडद्यावर येणारा संदेश शेवटपर्यंत वाचावा, एवढेच माझे आग्रहाचे म्हणणे आहे, आणि ते वाटते तितके अवघड नाही. ‘पॉडसाठी सुसंगत आवृत्ती सापडली नाही’ अशी तक्रार कोकोपॉड्स करते, तेव्हा तिच्या खालच्या ओळींत लॉक फाइलमध्ये कोणती आवृत्ती नोंदली आहे आणि कोणते प्लगइन (ॲपला जोडलेली लायब्ररी) कोणती मागते आहे, हे स्पष्ट लिहिलेले असते. फ्लटरमध्ये गुगलच्या फायरबेस सेवेची प्लगइन वर नेली, पण पॉडफाइल डॉट लॉक मागेच राहिली, तर हमखास हेच होते. अशा वेळी फक्त त्या एका पॉडचे नाव देऊन पॉड अपडेट हा आदेश चालवावा. नाव न देता चालवला तर सगळेच बदलते. संगणकावरची पॉडची सूची जुनी असेल तर पॉड रेपो अपडेट हा आदेश पुरतो, आणि संदेशात किमान डिप्लॉयमेंट टार्गेट, म्हणजे ॲप चालायला लागणारी आयओएसची किमान आवृत्ती, वाढवा असे म्हटले असेल तर पॉडफाइलमधला आयओएसचा आकडा वाढवावा लागतो. तिन्ही वेळा पडद्यावरचा लाल मजकूर सारखाच दिसतो, पण तीन कारणे वेगळी आणि तीन उपायही वेगळे.

ग्रेडलच्या बाबतीत ‘डुप्लिकेट क्लास’ ही तक्रार अशीच घाबरवणारी असते. कोटलिन या अँड्रॉइडच्या प्रोग्रामिंग भाषेच्या १.८.० आवृत्तीपासून तिच्या मूळ लायब्ररीत जेडीके (जावाची विकसन साधने) ७ आणि जेडीके ८ साठीचे जोड-भाग सामावून घेतले गेले. एखादी जुनी लायब्ररी ते भाग १.६ किंवा १.७ चे स्वतंत्रपणे ओढून आणत असेल, तर तेच वर्ग (क्लास) दोन ठिकाणाहून येतात आणि बिल्ड थांबतो. ग्रेडलचा डिपेंडन्सी इनसाइट हा आदेश कोणती लायब्ररी कोणाच्या मागणीवरून आली ते दाखवतो. तो चालवला तर दोषी सापडायला फार वेळ लागत नाही, आणि कोटलिनच्या सर्व भागांची आवृत्ती एकाच ठिकाणी बांधून देणारा बॉम जोडला की गोष्ट मिटते. पब तर याहून प्रांजळ आहे. अमुक प्लगइन अमुक आवृत्ती मागते आणि तमुक प्लगइन तमुक, म्हणून मेळ बसत नाही, असे ते सरळ वाक्यांत सांगते. तरीही आमचे तरुण सहकारी ते न वाचता डिपेंडन्सी ओव्हरराइड, म्हणजे एखादी आवृत्ती जबरदस्तीने लादणारी ओळ, लिहून तक्रार गप्प करतात, आणि मग तीच विसंगती ॲप चालू असताना ग्राहकाच्या फोनवर प्रकट होते.

काही जण म्हणतील की आवृत्त्या कायमच्या गोठवून ठेवल्या म्हणजे प्रश्नच उरणार नाही. तेही शक्य नाही. गुगल प्लेच्या नियमानुसार ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवी ॲप आणि जुन्यांच्या सुधारणा अँड्रॉइड १५ ला लक्ष्य करूनच द्याव्या लागतात, आणि फोनच्या मेमरीचे भाग १६ केबीचे असले तरी ॲप चालले पाहिजे, या १६ केबी मेमरी पेजच्या नियमामुळे नेटिव्ह कोड (थेट प्रोसेसरसाठी बांधलेले कोड) असलेल्या जुन्या लायब्ररी नव्याने बांधलेल्या घ्याव्या लागतात. तिथे आपल्या कोडमध्ये कितीही फेरफार केला तरी उपयोग नसतो. ॲपलने १ मे २०२४ पासून ठरावीक लायब्ररींसाठी प्रायव्हसी मॅनिफेस्ट, म्हणजे कोणती माहिती का घेतली जाते हे सांगणारी फाइल, अनिवार्य केले. अँड्रॉइडचे ग्रेडल प्लगइन ८.० ला जेडीके १७ लागते आणि प्रत्येक मॉड्यूलची नेमस्पेस (त्याचे वेगळे ओळखनाव) बिल्डच्या फायलीत लिहिलेली लागते. ती न लिहिलेली कितीतरी जुनी फ्लटर प्लगइन त्यामुळे एका फटक्यात निकामी झाली. तेव्हा आवृत्त्या वाढवाव्याच लागतात. त्या एकेक करून, चालणाऱ्या स्थितीची नोंद हाताशी ठेवून आणि प्रत्येक पायरीनंतर ॲप तपासून वाढवाव्यात. लॉक फाइल असेल तरच हे करता येते.

लायब्ररींची कोठारेही कायमची नसतात. अँड्रॉइडच्या जगातले जेसेंटर हे कोठार बंद करण्याचा निर्णय फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर झाला. ते पुढे बराच काळ केवळ वाचनासाठी खुले राहिले, म्हणून अनेकांनी तिकडे लक्ष दिले नाही, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याकडे येणाऱ्या मागण्या मेव्हन सेंट्रलकडे वळवल्या गेल्यावर, केवळ तिथेच असलेल्या लायब्ररी सापडेनाशा झाल्या. आता पाळी कोकोपॉड्सची आहे. २ डिसेंबर २०२६ पासून कोकोपॉड्सच्या मुख्य सूचीत नव्या पॉडची किंवा नव्या आवृत्तीची भर घालता येणार नाही, असे तिच्या चालकांनी आधीच जाहीर केले आहे, आणि त्यापूर्वी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात याची रंगीत तालीमही होणार आहे. आहेत ती ॲप त्या दिवशी बंद पडणार नाहीत, अस्तित्वात असलेल्या आवृत्त्या मिळत राहतील. पण त्यानंतर एखाद्या पॉडमध्ये सुरक्षेची त्रुटी निघाली तर तिची दुरुस्ती या मार्गाने येणार नाही. ही भीती काल्पनिक नाही. कोकोपॉड्सच्या २०१४ मधल्या नव्या सर्व्हरवरील स्थलांतरानंतर मालक न उरलेले हजाराहून अधिक पॉड कोणालाही आपल्या नावावर करून घेता येत होते, हे जुलै २०२४ मध्ये उघड झाले. ती त्रुटी ऑक्टोबर २०२३ मध्येच बुजवली गेली होती, परंतु तोवर ती जवळजवळ नऊ वर्षे तशीच होती. पैशांचे व्यवहार करणाऱ्या संस्थांनी याची दखल घेऊन, आपले आयफोनचे ॲप स्विफ्ट पॅकेज मॅनेजरवर कधी आणि कसे नेणार, हे आपल्या विकसकाला आजच विचारायला हवे.

संस्थांच्या संचालकांना माझी विनंती आहे की, ॲप ताब्यात घेताना केवळ ते स्टोअरवर दिसते आहे यावर समाधान मानू नये. कोडचे भांडार संस्थेच्या नावावर असावे, त्यात सर्व लॉक फायली असाव्यात, आणि फ्लटर, एक्सकोड, जेडीके, ग्रेडल यांच्या कोणत्या आवृत्त्यांवर ॲप बांधले हे लिहिलेले असावे. अँड्रॉइडमध्ये ग्रेडल आपण होऊन लॉक फाइल करत नाही, ती सोय सुरू करावी लागते, म्हणून तिचा वेगळा उल्लेख करारात हवा. अंतिम हप्ता देण्यापूर्वी एका कोऱ्या संगणकावर, त्या भांडारातून, लॉक फाइलमधल्याच आवृत्त्या सक्तीने वापरून ॲप बांधून दाखवायला सांगावे. एनपीएम, पब आणि कोकोपॉड्स या तिन्हींत अशा सक्तीची सोय आहे. या प्रात्यक्षिकाला सहसा एक दुपार पुरते. ते न केल्याने पुढे संपूर्ण ॲप नव्याने लिहून घेण्याचा खर्च करणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत.

अभियांत्रिकी महाविद्यालयांकडूनही एक अपेक्षा आहे. अंतिम वर्षाच्या प्रकल्पांचे मूल्यमापन विद्यार्थ्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर चालणारे ॲप पाहून केले जाते. त्याऐवजी परीक्षकांनी तो प्रकल्प प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या संगणकावर उतरवून बांधायला सांगावा, तो अडला तर विद्यार्थ्याने संदेश वाचून कारण कसे शोधले हे पाहावे, आणि त्यासाठी वेगळे गुण राखून ठेवावेत. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात या मुलामुलींना नेमके हेच काम करावे लागणार आहे.

आपली विश्वासू,
एक मोबाइल ॲप विकसक,
नाशिक