शनिवारी रात्री फोन का लागला नाही

स्टुटगार्ट, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. जेवणही वेळेवर होतं, आई, हे आधीच सांगते. आज बाबांनी विचारलं, "रात्रीचं एवढं काय काम असतं गं?" तेव्हा मी रेंज गेली म्हणून फोन ठेवला. रेंज होती. बोलवेना, म्हणून लिहिते आहे.

आई, बाबा मोरीत पडले म्हणून तू पहाटे पाचला फोन केलास तेव्हा इथे दीड वाजला होता आणि मी एका हॉस्पिटलच्या तळघरात होते. तिथे मोबाइल लागतच नाही. मुद्दाम उचलला नाही असं मनातही आणू नकोस.

बाबा, तुम्ही लाइन बंद असल्याचं परमिट घेतल्याशिवाय विजेच्या खांबावर चढला नाहीत. आमच्या कामात शटडाऊनच मिळत नाही. वॉर्डातले फोन, नर्सच्या टेबलावरचे कॉम्प्युटर, सगळ्यांच्या तारा ज्या पेट्यांत येतात त्यांना स्विच म्हणतात. सिस्को कंपनीचे 'कॅटॅलिस्ट ९३००' जातीचे तीन स्विच मागच्या बाजूने जाड केबलींनी एकमेकांना जोडलेले आहेत. तिघे मिळून एकच असल्यासारखे चालतात, त्यांतला एक कारभारी. नव्या विभागासाठी चौथा जोडायचा होता, तिघांना चालू ठेवून.

आई, आपला हादगा आठव. पाटावरच्या हत्तीभोवती फेर चालू असताना उशिरा आलेल्या मुलीला घ्यायचं तर दोघींनीच हात सोडायचे. ती मधे शिरायची, गाणं थांबायचं नाही. पण दोन ठिकाणी हात सुटले की फेराचे दोन तुकडे. इथेही एक केबल काढली तर मधला वेग निम्मा होतो, काम चालू राहतं. दोन ठिकाणी सुटली तर दोन तुकडे होतात आणि दोन्ही एकाच पत्त्यावर हक्क सांगतात.

खरी भीती वेगळीच. नवा स्विच चालू ठेवून जोडला तर तोही स्वतःला कारभारी समजत असतो. दोन कारभारी चालत नाहीत, मग निवड होते आणि हरलेली बाजू रीस्टार्ट होते. नवा जिंकला तर जुने तिन्ही बसतात आणि वर वॉर्डात फोन मुके. म्हणून आधी केबल, मग वीज. जुन्या कारभाऱ्याची प्रायॉरिटी, म्हणजे निवडीतला मान, १५ आहे ना, हे मी दोनदा पाहिलं. त्याच्यावर आकडा नाही. नव्यातलं सॉफ्टवेअर मागच्या आवृत्तीचं होतं, ते दुपारी टेबलावरच बरोबरीला आणलं.

तिसऱ्याच्या मागचा स्क्रू बोटांनी सोडवताना हात गार पडले होते. केबल निघाली. स्क्रीनवर तिच्या दोन्ही टोकांचे पोर्ट 'डाऊन' झाले, पुढचे हिरवे दिवे लुकलुकतच राहिले. तिसऱ्यापासून चौथ्यापर्यंत आखूड केबल, लांब केबलीचं सुटलेलं टोक चौथ्यात. ओढून पाहिल्या. मग वीज दिली आणि तो उठेपर्यंत उभीच राहिले. चौथ्या ओळीत 'रेडी' आलं तेव्हा एक चाळीस झाले होते. म्हणजे आई, त्याच वेळी तू एकटी बाबांना रिक्षात बसवत होतीस.

घरी सहकाऱ्याने गाडीने सोडलं. त्याला दोन मुलं आहेत, बायको मला ओळखते. तेव्हा काळजी नको.

आज सकाळी झोप काढायची होती, पण माझ्या दारावर पाटी होती. इथे 'केरवोखं' असतं, नावातच केर आहे! पाटी ज्याच्या दाराला, त्याने त्या आठवड्यात जिना झाडून पुसायचा आणि मग ती शेजारच्या दाराला अडकवायची. जिना स्वच्छ दिसत असला तरी पुसायचा. महानगरपालिकेने १९८८ सालीच आपला नियम काढून टाकला, पण भाडेकरारात तो आहेच. खालच्या आजी कठड्यावरून बोट फिरवून बघतात. तिसऱ्या पायरीवर बसून मी तुमच्या प्लॅस्टरचा फोटो पाहिला. मोरीत पायपुसणं तरी टाका. दादाला सांगून दांडी बसवून घ्या.

साठ हजार पाठवलेत. दवाखान्याचं भागवून उरतील ते स्लॅबला. परत पाठवू नका. मला पुरतात, खरंच पुरतात.

दिवाळीला येते म्हटलं होतं, पण रजा मिळत नाही. संक्रांतीला नक्की. तिकीट काढलंय, दादाला विचारा.

इस्लामपूरच्या स्थळाचा फोटो पाहिला. नाही म्हणत नाही. आत्याला एवढंच सांगा, की संक्रांतीला मी स्वतः त्यांच्याशी बोलेन, तोवर शब्द देऊ नका. आई, रागावू नकोस.

तुमची,
धाकटी

ता. क. तळघराच्या भिंतीवर लँडलाइन आहे. नंबर दादाला पाठवलाय. वहिनीकडून मोठ्या अक्षरांत लिहून घे आणि देवघराशेजारी चिकटव. कोणी जर्मनमध्ये बोललं तर नुसतं माझं नाव घे, ते मला बोलावतात. मी त्यांना सांगून ठेवलंय.