मोठे आबा कूतच्या वेढ्यात होते

नौपाडा, ठाणे

प्रिय दिन्या,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र. मोठ्या आबांचा तारा, म्हणजे पहिल्या महायुद्धातलं त्यांचं पदक, माझ्याकडे सुखरूप आहे, आणि त्याने बरंच काही सांगितलं आहे.

पाठीवरची अक्षरं माझ्या चष्म्याला काही दाद देईनात, म्हणून तो जांभळी नाक्यावरच्या सोनाराकडे नेला. त्याने भिंग डोळ्याला लावून आधी धातूच पाहिला. "काका, ब्राँझ आहे. मोडीत चहाचेही पैसे सुटायचे नाहीत." म्हटलं, मोडायचा नाही बाबा, वाचायचा आहे. मग गडी खुशीत आला. मऊ ब्रशने मळ काढत एकेक अक्षर सांगू लागला. आधी शिपाई नंबर, मग हुद्दा, मग आबांचं नाव, आडनावाशिवाय. शेवटी '११७ मराठाज'. आत्या सांगते तो राजाच्या डोक्याचा गोल बिल्ला चांदीचा होता, म्हणून मोडला गेला. याला किंमत नव्हती, म्हणून हा उरला.

आता मुद्द्याचं ऐक. हा १९१४-१५ चा तारा. ३१ डिसेंबर १९१५ पर्यंत जो रणांगणावर पोचला त्यालाच तो मिळे. ११७ वी पलटण पुणे डिव्हिजनमधली. १९१४ च्या नोव्हेंबरातच ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढत होती. नवख्या पोराला कवायत शिकवल्याशिवाय बोटीत चढवत नसत. तेव्हा आबांच्या अंगावर वर्दी चढली ती लढाईच्या आधी, नाहीतर अगदी सुरुवातीला. तुमच्या घरात सांगतात ना, गोऱ्या साहेबाने भर बाजारातून उचलून नेलं? ते तारखांत बसत नाही. भरतीची खरी ओढाताण झाली ती १९१७-१८ मध्ये, आणि तोवर आबा कुठे होते ते पुढे सांगतोच.

माझं मत विचारशील तर ते आपल्या पायांनी गेले. तेव्हा हिंदुस्थानात सक्तीची भरती नव्हती. कागदावर प्रत्येक शिपाई स्वखुशीचा. पण खेड तालुक्यातली वरकस जमीन, नाचणी-वरीचं पीक, त्यात खोताचा वाटा, आणि पलटणीत महिन्याला ११ रुपये रोख. या स्वखुशीला आपण काय म्हणायचं ते तूच ठरव. आत्याला मात्र लगेच सांगू नकोस. उचलून नेलं म्हणण्यात त्या घराची थोडी अब्रू राहिली असेल.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला डिव्हिजनने जबर मार खाल्ला आणि मागे हटून तैग्रिसच्या वळणावरचं कूत गाठलं. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा आवळला तो २९ एप्रिल १९१६ पर्यंत. अन्न संपत आलं तसे घोडे कापले. आपल्या शिपायांनी ते मांस नाकारलं. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली, तरी कित्येकांनी आट्याच्या घटत्या वाटपावर दिवस काढले. शेवटी विमानांतून पोती टाकली, तीही पुरली नाहीत. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली. सेनापती टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला, आणि शिपाई वाळवंटातून पायी हाकलले गेले. त्यातल्या कितीतरी जणांना रास अल-ऐनकडे रेल्वेच्या कामाला जुंपलं.

राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या यादीत नावाने शोधून आबा सापडेनात, स्पेलिंगचा पार विचका झालाय. शिपाई नंबर टाकला आणि ओळ समोर आली. वडिलांचं नाव, गाव, खेड, रत्नागिरी, सगळं जुळतंय. मृत्यू सप्टेंबर १९१६. म्हणजे शरणागतीनंतर पाचेक महिन्यांत, कैदेत. स्मारक बसरा.

बसऱ्याच्या त्या स्मारकावर ४० हजारांहून जास्त माणसांची नोंद आहे. गोऱ्या शिपायाचं नाव दगडावर कोरलंय. आपल्यापैकी सुभेदार-जमादारांची नावंही आहेत. साध्या शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा. २०२१ मध्ये आयोगाने स्वतःच अहवाल काढून माफी मागितली, तेही शंभर वर्षांनी. मला सगळ्यात राग कशाचा आला सांगू? नाव त्यांच्या वहीत होतं. दगडावरच नको होतं.

काळ्या घोड्याला पुराभिलेखागारातही जाऊन आलो. खोती आणि धाऱ्यावर ढीगभर कागद, आबांवर एकही नाही.

आता तुझं काम. या सगळ्या नोंदींत आबांचे वडील आहेत, बायको कुठेच नाही. वारसाला पेन्शन मिळत असे, तेव्हा आत्याला विचार, मनीऑर्डर यायची ती कोणाच्या अंगठ्यावर? मोठ्या आजीचं माहेर कुठलं? तिचं पुढे काय झालं, हे तुमच्या घरात कोणी काढत नाही. 'या गावातून इतके लढाईवर गेले, इतके मेले' अशी संगमरवरी पाटी पुष्कळ गावांत लावली होती. तुमच्या देवळाजवळ, चावडीजवळ बघ. सापडली तर फोटो काढ. चुना बसला असेल तर खरवडू नकोस, ओल्या फडक्याने पूस.

बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राला अर्ज टाकतोय. वारस म्हणून सही तुझी लागेल. मसुदा सोबत जोडलाय, सही करून आधारच्या झेरॉक्ससकट परत पाठव, आणि या वेळी खरंच पाठव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या