दादाला खुर्ची दिलीत, म्हणून

प्रिय ताई,

पत्र तुमच्या नावाने असलं तरी ते माझ्या दादावर उपचार करणाऱ्या तुम्हा सगळ्यांना आहे: डॉक्टरसाहेब, सिस्टर, मानसशास्त्रज्ञ मॅडम, कार्यशाळेतले सर आणि वॉर्डातल्या मावशी. चारचौघांत लिहितेय, कारण आमच्यासारख्या घरांत आजार तर झाकतातच, पण काही चांगलं घडलं तरी तेही झाकूनच ठेवतात.

दादाला स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार आहे. पूर्वी तो इचलकरंजीत मागावर होता. तुमच्याकडे येण्याआधी आम्ही एका नावाजलेल्या दवाखान्यात जायचो. तिथे डॉक्टर मला विचारायचे, "हा झोपतो का? जेवतो का? त्रास देतो का?" आणि दादा शेजारीच उभा असायचा! कधी कधी तर "पेशंटला बाहेर बसवा" असंही ऐकलं. समुपदेशन वरच्या मजल्यावर. खाली कुठली गोळी बदलली याचा तिथे पत्ता नसायचा. प्रत्येक टेबलापुढे मी तीच कर्मकहाणी पहिल्यापासून सांगायची आणि दादाने ती मान खाली घालून ऐकायची. त्याचा तो चेहरा आठवला की अजून संताप होतो.

तुमच्याकडच्या पहिल्या मिटिंगला आम्ही आत आलो तेव्हा टेबलाभोवती जागा नव्हती. दादा सवयीने भिंतीला टेकून उभा राहिला. तुम्ही हातातली फाइल खाली ठेवलीत, बाहेर गेलात आणि खुर्ची उचलून आणलीत. ती कोपऱ्यात नाही ठेवलीत, डॉक्टर आणि सिस्टर यांच्या मध्ये लावलीत. सिस्टर न सांगता सरकल्या. "बसा. तुमच्याविषयी बोलायचंय, तर तुम्ही नको का?" दादाला कुणी अहोजाहो करून किती वर्षं झाली होती! आधी तो खुर्चीच्या कडेवर टेकला. मग जरा वेळाने नीट मागे रेलून बसला. आणि कानात येणाऱ्या आवाजांबद्दल, जे त्याने मलाही कधी सांगितलं नव्हतं, ते स्वतःच्या तोंडाने बोलला. थोडंच बोलला, पण कुणी मध्ये तोडलं नाही.

आजाराची, उपचारांची आणि त्यांच्या दुष्परिणामांची माहिती रुग्णाला स्वतःला मिळणं हा 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे, हे मला तुमच्याकडूनच कळलं. कायदा आधीच्या दवाखान्यालाही लागू होताच की.

क्लोझापिन हे या आजारावरचं औषध सुरू झाल्यावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटत नाहीत ना हे बघायला पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं होतं. तेही दिवस तुमच्या धीरावर निघाले. पुढे दादाने बिडी सोडली. घरात आनंदीआनंद! पण तो कार्यशाळेत आसनपट्टी विणता विणता पेंगायला लागला. सरांनी त्याला आळशी ठरवलं नाही, सिस्टरांच्या कानावर घातलं. सिस्टरांनी पहिला प्रश्न केला, "बिडी किती ओढता हल्ली?" डॉक्टरांनी त्याच दिवशी तपासून डोस उतरवला. बिडीच्या धुराने हे औषध शरीरात लवकर मोडलं जातं, आणि धूर बंद झाला की तेवढ्याच गोळ्यांनी रक्तातलं प्रमाण वाढतं, हे आम्हाला कुठून माहीत असणार? घरी आई घाबरली होती, पुन्हा बिडी दे म्हणत होती. तिला समजवायला तुम्ही आलात, चहा होईपर्यंत थांबलात.

ताई, हुशार डॉक्टर आम्ही आधीही पाहिले होते. एकमेकांचं ऐकून घेणारी माणसं तुमच्याकडे पाहिली. मावशींनी "हा रात्री जागा असतो" म्हटलं तर डॉक्टर ते लिहून घेतात. जिथे मावशींच्या शब्दाला किंमत आहे तिथे माझ्या दादाच्या शब्दालाही असणार, हा भरवसा मला त्यातूनच आला. अशी मंडळी प्रत्येक जिल्ह्यात का असू नयेत? किती घरं सावरतील!

तुमचे सगळ्यांचे मनापासून आभार. आणि एक निरोप आहे. दादाला ओळखीच्या कारखान्यात सकाळपाळीचं काम मिळतंय. रात्रीच्या गोळ्या थोड्या लवकर घेतल्या तर चालतील का, हे त्याला पुढच्या मिटिंगला स्वतः विचारायचंय. तेवढं डॉक्टरसाहेबांना सांगून ठेवा.

तुमची,
दादाची धाकटी बहीण