'द लाँग गुडबाय' आणि समीक्षकांचे श्रेय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतील खासगी गुप्तहेरांच्या चित्रपटांवरील लेख आवडीने वाचला. मात्र दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन यांचा 'द लाँग गुडबाय' हा 'समीक्षकांनी झिडकारलेला आणि प्रेक्षकांनी तारलेला' चित्रपट होता, हे त्यातील विधान वस्तुस्थितीला धरून नाही आणि समीक्षकांवर अन्याय करणारे आहे.

मार्च १९७३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये तो प्रथम लागला तेव्हा अनेक परीक्षणे प्रतिकूल होती, हे खरे. हा चित्रपट रेमंड चँडलर यांच्या कादंबरीवर आधारलेला आहे. चँडलर यांच्या फिलिप मार्लो या खासगी गुप्तहेराची प्रतिमा अभिनेते हम्फ्री बोगार्ट यांनी १९४६ च्या 'द बिग स्लीप'मध्ये पक्की करून ठेवली होती: हजरजबाबी, सावध, कोणालाही न बधणारा. ऑल्टमन यांच्या चित्रपटात एलियट गूल्ड यांनी साकारलेला मार्लो स्वतःशीच पुटपुटतो, मांजरीचे खाणे आणायला मध्यरात्री बाहेर पडतो आणि जिवलग मित्राच्या शब्दावर भोळेपणाने विसंबतो. ही चँडलर यांच्या नायकाची विटंबना आहे, असे तेव्हा अनेकांना वाटले. परंतु या चित्रपटाची पटकथा लिहिणाऱ्या ली ब्रॅकेट 'द बिग स्लीप'च्याही पटकथाकारांपैकी एक होत्या, याकडे माझ्या मते पुरेसे लक्ष दिले गेले नाही. मार्लोला त्यांच्याइतके जवळून ओळखणारे फार थोडे असतील. वीस वर्षांच्या झोपेतून जागा होऊन सत्तरच्या दशकात वावरणारा माणूस, अशी ऑल्टमन यांची या मार्लोविषयीची कल्पना होती. मैत्री आणि दिलेला शब्द यांना अजूनही किंमत आहे असे मानणारा तो त्या शहरात एकटाच उरला आहे. म्हणूनच कादंबरीतला मार्लो दगा देणाऱ्या मित्राकडे पाठ फिरवतो, तर चित्रपटातला त्याला गोळी घालतो. हा बदल मला अजूनही हादरवतो, आणि तो मार्लोच्या स्वभावाशी इमान राखूनच केलेला आहे, असे माझे ठाम मत आहे.

मार्चमधल्या परीक्षणकर्त्यांना सर्वस्वी दोष देणेही योग्य नाही, कारण जाहिरातींनी त्यांच्यापुढे सरधोपट थरारपटाची अपेक्षा उभी केली होती. चित्रपट मागे घेण्यात आला, 'मॅड' या अमेरिकी विनोदी मासिकाचे चित्रकार जॅक डेव्हिस यांच्याकडून व्यंगचित्रांचे नवे पोस्टर करून घेण्यात आले आणि ऑक्टोबरमध्ये तो न्यूयॉर्कमध्ये पुन्हा लागला. त्या वेळी 'न्यूयॉर्कर' या नियतकालिकात त्याच्या बाजूने दीर्घ लेख लिहिला तो पॉलीन केल या समीक्षिकेनेच. सतत हलत्या कॅमेऱ्याच्या आणि मुद्दाम फिकट ठेवलेल्या रंगांच्या छायाचित्रणासाठी विल्मोस झिगमंड यांना अमेरिकेतील नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्स या समीक्षकांच्याच संस्थेने गौरवले. तिकीटबारीवर मात्र चित्रपटाला मोठे यश मिळाले नाही. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी १९७३ मध्ये त्याला तीन तारे दिले होते. पुढे तो पुन्हा पाहून त्यांनी आपल्या श्रेष्ठ चित्रपटांच्या मालिकेत त्याचा समावेश केला. २०२१ मध्ये जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याची निवड झाली, तोवर त्याच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी जवळपास पन्नास वर्षे त्याचा पाठपुरावा केला होता.

लेखमालेच्या पुढील भागात ही दुरुस्ती करावी आणि ली ब्रॅकेट यांच्या कामाचीही नोंद घ्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक