भिंतीपेक्षा कांदळवन टिकाऊ

वाढत्या समुद्रपातळीवर संरक्षक भिंत हाच उपाय सांगणारा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. तो पटला नाही. उभ्या भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू ओढून नेते, पाया उघडा पडतो आणि भिंत खचते. शिवाय ती जिथे संपते तिथे शेजारच्या किनाऱ्याची धूप वाढते. १९०१ ते २०१८ दरम्यान जागतिक समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि वेग वाढतोच आहे.

कांदळवन, म्हणजे खाडीकाठचे खारफुटीचे जंगल, गाळ धरून समुद्रपातळीबरोबर वर चढू शकते. मात्र रोपे सरसकट उघड्या चिखलात लावली की फार वेळ पाण्याखाली राहून मरतात. सरासरी समुद्रपातळीच्या वर, भरतीचे पाणी येऊन ओसरते त्याच पट्ट्यात ती जगतात. म्हणून लागवडीआधी बुजलेल्या खाड्या आणि जुने बांध उघडून भरतीच्या पाण्याची वाट मोकळी करावी. जवळ जुनी झाडे असतील तर बी भरतीबरोबर आपोआप येते. मागची जमीनही बांधकामाविना सोडावी, नाहीतर कांदळवनाला मागे सरकायला जागाच उरणार नाही.